तिसरी रेकॉर्ड

८ जानेवारी

मास्तर गेले. दातवाल्याचा फोन आला तेव्हा मी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, गुडघे टेकून ब्रेक तपासत होतो. "कळलं का? मास्तर काल गेले," असं म्हणून मध्ये श्वासही न घेता त्याने विचारलं, "रेकॉर्ड्सचं काय करणार, वहिनी काही बोलल्या का तुझ्याशी?"

मला त्याचा राग आला. खरं कारण हे की माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. वहीत तरी खोटं लिहू नये.

आम्ही तिघे: भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर, दाताचा डॉक्टर म्हणून दातवाला, आणि लिफ्ट तपासणारा मी. विसाव्या शतकातल्या अभिजात संगीताच्या, त्यातही ज्यात गुणगुणण्यासारखं काही सापडत नाही अशा रचनांच्या जुन्या तबकड्या गोळा करायचं खूळ तिघांनाही. आणि तिघांनाही हवी असलेली वस्तू एकच. दोन बहिणी आणि त्यांचे नवरे अशा चौघांनी एका शाळेच्या हॉलमध्ये बसून एकाच संगीतकाराचे सहा क्वार्टेट वाजवले होते, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्याच्या तीन रेकॉर्ड्स निघाल्या. मग कंपनी बुडाली, मूळ टेप्स पुराच्या पाण्यात गेल्या. पहिली आणि दुसरी माझ्याकडे आहे. तिसरी मास्तरांकडे. ती मी एकदाच हातात धरली आहे. वाजवायला मास्तर कधी तयार झाले नाहीत. "सुई झिजलीय रे," म्हणायचे. गेली कित्येक वर्षं त्यांची सुई त्या एकीपुरती झिजलेलीच.

११ जानेवारी

भेटायला गेलो. हिलाही नेलं. घरात माणसं मावत नव्हती, सगळे एकदम बोलत होते. ही मास्तरीणबाईंचा हात हातात घेऊन शेजारी बसून राहिली. मी भिंतीकडच्या कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो. बघितलं.

येताना हिला विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या गं?"

"काय म्हणणार? रडत होत्या."

मास्तरीणबाई अजिबात रडत नव्हत्या. सलग बोलत होत्या, ते हिच्याशीच. हिचं हल्ली कशातच लक्ष नसतं.

२० जानेवारी

संध्याकाळी दुसरी रेकॉर्ड लावली. ही नेहमीप्रमाणे खुर्चीत पुस्तक घेऊन. मी कपाटाकडे तोंड करून तबकडी पुसत होतो आणि सांगत होतो की चौथ्या क्वार्टेटमध्ये व्हायोला कशी बराच वेळ गप्प असते आणि मग एकटीच राहते. विचारलं, "आठवतं का तुला, ही आपल्याला कुठे मिळाली होती?" उत्तर नाही. वळून बघितलं तर वाचतेय. मी म्हणजे घरातला पंखा. फिरतोय तर फिरू दे.

वर्षभरात ही फार बदलली. मुलांच्या वाचनालयातली नोकरी एकाएकी सोडली. कारण विचारलं तर "कंटाळा आला". कंटाळा? ज्या बाईने तापात जाऊन तिथली कपाटं लावली तिला? मैत्रिणींकडे जात नाही. मेहुणीने जेवायला बोलावलं तर डोकं दुखतं. लेकीशी बोलायचं तर साधा फोन नको, तोंड दिसायला हवं म्हणते. माणूसघाणी झालीय म्हणावं, तर माझ्या रेकॉर्ड्सच्या वेळी मात्र न चुकता येऊन बसते. आणि बसून ऐकत नाही.

३ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंनी बोलावून घेतलं. त्या आता मुलाकडे राहायला जाणार. घर रिकामं करायचंय. सगळा संग्रह दातवाला उचलतोय. त्याच्याकडे दवाखान्यावरचा मोठा हॉल आहे, माझ्याकडे एक भिंत. पण म्हणाल्या, "त्या चौघांची ती तिसरी तुम्हाला द्यायची, असं हे म्हणाले होते. सगळा पसारा काढला की फोन करते. डॉक्टरांच्या आधी येऊन घेऊन जा. एकदा टेम्पोत चढली की मला वेगळी काढता येणार नाही."

घरी आलो तो जवळजवळ पळतच. हिला समोर बसवून सांगितलं. हिचे डोळे भरून आले. "मिळाली एकदाची!" म्हणाली. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

नेमका आज मोबाइल घरीच राहिला. संध्याकाळी आलो तर ही दारातच उभी. "मास्तरीणबाईंचा फोन येऊन गेला. तीन-चारदा वाजला म्हणून शेवटी मीच घेतला. रविवारी ये म्हणाल्या."

"नक्की रविवारी?"

"रविवारी."

रेकॉर्डसाठी कपाटात जागा करून ठेवली. पहिली, दुसरी आणि बोटभर फट. माझ्या वयाच्या माणसाने फटीकडे बघून हसावं हे शोभत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

गेली.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. मागे रिकामी खोली, भिंतीवर कपाटांचे पांढरे चौकोन. "अहो, मी तर गुरुवार म्हणून सांगितलं होतं. तुमच्या मिसेसना. तीन-तीनदा सांगितलं. शुक्रवारी टेम्पो आला, मी तुमची वाट बघत होते." पुढे काही म्हणत होत्या. मी थांबलो नाही. जिन्याच्या पायऱ्या कशा उतरलो कळलं नाही.

वाटेतच दातवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "दिलेली वस्तू मागू नकोस. तू असतास तर दिली असतीस का?" नसती दिली.

घरी आलो. ही भाजी निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"त्यांनी गुरुवार सांगितला होता. तू मला रविवार सांगितलास."

हिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी रविवारच ऐकला."

"ऐकलास, की ऐकायचा ठरवलास?"

चेहरा पांढरा पडला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ठरवला."

"काय?"

"हो. ठरवला. कंटाळा आला त्या रेकॉर्ड्सचा."

स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. इतक्या वर्षांत मी या बाईला दुष्ट म्हणालो नव्हतो. आज म्हणालो.

१८ फेब्रुवारी

अबोला. मी धरलाय. तिला त्याचं काही नाही. उलट जेवताना सारखी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, जणू काही निसटून पडणार आहे आणि तिला ते झेलायचंय. मी मान खाली घालून जेवतो.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते कोणाला सांगून पटणार नाही.

पहिली रेकॉर्ड लावली. दोघांपैकी कोणीतरी घरात आवाज करायला हवा ना. ही आली आणि आपल्या खुर्चीत बसली. दुसऱ्या बाजूला सुई एका ओरखड्यावर अडकली. चेलोचा तोच अर्धा सूर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी उठणारच होतो, पण म्हटलं बघू या, किती वेळ सहन करते. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. चहा केला, प्यायलो, कप विसळला. तोच अर्धा सूर. दाढदुखीसारखा. ही शांतपणे पान उलटतेय. शेवटी मीच हरलो. येऊन सुई उचलली. ती मान वर करून, हसून म्हणाली, "आज छान वाजलं."

इतका विखार! माझ्या तोंडावर, हसून!

मी दुसऱ्या खोलीत निघून गेलो. दार आपटलं. तेही दोनदा.

२५ फेब्रुवारी

एका रुग्णालयाची लिफ्ट तपासली. तळमजल्यावर उभा राहून सांगितलं की वरच्या कप्पीचं बेअरिंग गेलंय. देखभालवाला हसला. वर जाऊन बघून आला आणि हसायचा थांबला. लोक विचारतात, कसं कळतं? ऐकलं की कळतं. ऐकायची इच्छा हवी.

कामावर एवढंच बरं आहे.

१ मार्च

लेकीचा, चिमणीचा फोन. हिच्याशी बोलून झाल्यावर माझ्याकडे आली.

"बाबा, आईशी बोलत नाहीये तुम्ही?"

"तिलाच विचार ना, का ते."

"बाबा, तिच्याशी नीट बोला. म्हणजे, समोर बसून बोला. पाठीमागून नको."

"मी कुणाच्या पाठीमागून बोलत नाही. तुला काय माहीत इथलं?"

"मला काहीच माहीत नाही," ती घाईघाईने म्हणाली आणि विषय बदलला.

आईचीच बाजू घेणार. कानावर घातलं असेल हिने तिखटमीठ लावून.

६ मार्च

काल लिहू शकलो नाही. आज सगळं लिहितो.

मास्तरीणबाईंनी बोलावलं होतं. उद्या त्या जाणार. मला वाटलं रेकॉर्डचं काही असेल. त्या दिवशीच्या वागण्याची लाजही वाटत होती, म्हणून गेलो. रिकाम्या खोलीत दोन स्टुलं होती, त्यांवर बसलो.

"त्या दिवशी तुम्ही ऐकून न घेता गेलात," त्या म्हणाल्या. "मिसेसना काही बोललात का?"

मी मान खाली घातली.

"बोललात वाटतं. मग मला सांगायलाच हवं. मी गुरुवार म्हटलं, त्या 'हो, रविवार' म्हणाल्या. मी म्हटलं, रविवार नव्हे हो, गुरुवार. त्या म्हणाल्या, 'हो हो, अगदी बरोबर.' मी तिसऱ्यांदा सांगितलं. 'हो हो, अगदी बरोबर.' तेव्हा मला उमगलं नाही. मागाहून विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की हा 'हो हो' मी ओळखते. कितीतरी वर्षं या घरात ऐकलाय."

"म्हणजे?"

"यांना ऐकू येत नव्हतं. शेवटी शेवटी तर काहीच नाही."

मास्तरांना? आम्ही दर महिन्याला इथे यायचो. मास्तर एक एक तबकडी लावायचे, मान डोलवायचे. आणि शेवटची काही वर्षं गप्पांमध्ये तेच बोलत राहायचे, आम्हाला मध्ये बोलू द्यायचे नाहीत. मला ते अहंकारी वाटायला लागले होते.

"मग विकत कशाला घेत होते?"

"तुम्ही यायचात ना." मास्तरीणबाई हसल्या. "रेकॉर्ड लावून तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुम्ही डोळे मिटलेत की समजायचं, चांगली आहे. डॉक्टर घड्याळ बघायला लागले की लांबण लावलंय. तुम्ही गेल्यावर मला सांगायचे, आज अमकी फार सुंदर होती म्हणून."

"आणि ती तिसरी?"

"ती कान गेल्यावर हाताला लागली. इतकी वर्षं शोधलेली, आणि स्वतः कधी ऐकली नाही. आपल्या घरात, आपल्यादेखत ती दुसऱ्याने ऐकावी हे त्यांना सोसेना. म्हणून सुई झिजलेली." मग म्हणाल्या, "मी मेल्यावर त्याला दे, म्हणाले. मेल्यावर चालेल."

जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "गुरुवारचा रविवार करण्यात दुष्टपणा नसतो हो. 'वार' तेवढा पोचतो. बाकीचं माणूस आपल्या अंदाजाने भरतं."

घरी आलो. ही खिडकीशी वाचत होती, पाठ माझ्याकडे. मी दारातून हाक मारली. मग आणखी जोरात मारली. मग खोलीच्या मध्यावर येऊन, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "माझं चुकलं."

तिने पान उलटलं.

संसारातल्या एवढ्या भांडणांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. निघालं तेही असं, की कोणाच्या कानावर पडू नये.

समोर जाऊन जमिनीवर बसलो. माझा चेहरा बघताच तिने पुस्तक मिटलं. "कोणी सांगितलं? चिमणीने?"

"मास्तरीणबाईंनी. फोनवरून ओळखलं त्यांनी. चिमणीला माहीत आहे?"

"तिने केव्हाच ओळखलं. मीच शपथ घातली होती."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पुस्तक बाजूला ठेवलं. मी विचारलं, "आणि ठरवला म्हणून का सांगितलंस? मी तुला काय काय बोललो!"

"दुष्ट म्हणालास ते चाललं," ती म्हणाली. "दुष्ट बाईशी माणसं भांडतात तरी. बहिऱ्या बाईशी कोणी बोलत नाही रे. आधी मोठ्याने बोलतात, मग थोडक्यात बोलतात, मग 'जाऊ दे, काही नाही' म्हणतात. मी बघितलंय ना वाचनालयात. एका पोराने वाघाचं पुस्तक मागितलं, मी बागेचं दिलं. सगळी हसली, मीही हसले. मग रोज काहीतरी व्हायला लागलं. मग हसू येईना."

मी तिचा हात धरला. मग जे मनात सलत होतं तेच विचारलं. "रेकॉर्ड्स ऐकू येत नाहीत, याचं तुला…"

"खरं सांगू? रागावशील."

"नाही रागावणार."

"फार बरं वाटलं." आणि हसायला लागली. "अरे, मला ते कधीच आवडलं नाही! आख्खी इमारत कोणीतरी ओढत नेतंय असं वाटायचं!"

मी रागावलो नाही असं इथे लिहिणार होतो. थोडा रागावलो. "मग रोज येऊन का बसायचीस? इतकी वर्षं?"

"तू सुरू करायच्या आधी बोलायचास म्हणून. कोण कुठे राहायचा, कोणाची बायको सोडून गेली, कोणतं वाद्य कधी रुसतं. एरवी तू घरात तोंड कुठे उघडतोस? ते ऐकायला यायचे. मग ते वाजत असताना बसावं लागायचं, इलाज नव्हता." हसू मावळलं. "हल्ली तू कपाटाकडे तोंड करून बोलतोस. पाठ बोलताना दिसते, खांदे हलतात. पण शब्द नाही दिसत."

मग ती रडली. मीही.

१७ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत तिला बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. आवाज मला बाहेरही अंधुक ऐकू येत होते आणि तिचं बोट हलत नव्हतं. एकदा तर माझंच बोट हललं.

नस गेलीय. परत येणार नाही. आहे ते हळूहळू आणखी कमी होईल. यंत्र लावलं तर आत्ता बोलणं बऱ्यापैकी कळेल. पुढे किती दिवस, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मीच मध्ये मध्ये बोलत होतो, डॉक्टरही माझ्याकडेच बघून उत्तरं देत होते. शेवटी ही म्हणाली, "मला सांगा ना. कान माझे आहेत." दोघेही वरमलो.

येताना रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला. पूर्वीही धरायची. मला वाटायचं, प्रेमाने.

२९ मार्च

यंत्र आलं. पहिल्या दिवशी तिला फ्रिजचा आवाज ऐकू आला आणि ती दचकली. माझ्या चपलांचा आला. मी जेवताना मचमच करतो हे तिला नव्याने कळलं. ते मी इतकी वर्षं करत होतो का, की आता लागलोय, यावर वाद झाला. वाद घालताना दोघंही खुशीत होतो.

मग तिने आपणहून रेकॉर्ड लावायला सांगितली. मी त्यातल्या त्यात सौम्य निवडली. तिने तोंड वाकडं केलं. "ताटं पडल्यासारखं वाटतंय." मग म्हणाली, "म्हणजे यंत्र चांगलं आहे. पूर्वी असंच वाटायचं."

संध्याकाळपर्यंत थकली. यंत्र काढून डबीत ठेवलं आणि डोकं धरून बसली. मला भीती वाटते. हे बोलणं, हा वाद, किती दिवस पुरणार? विचारायचा धीर होत नाही. तिलाही वाटत असणार. दोघंही गमती करतो.

५ एप्रिल

दातवाल्याचा फोन आला. मी उचलणार नव्हतो. म्हणाला, "ये. ऐकून जा. एकट्याने ऐकवत नाहीये मला." एवढा संग्रह घरात आणून हा एकटा पडलाय. मास्तर नाहीत आणि मी बोलत नाही.

हिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "तू जाऊन ये. आल्यावर सांग."

गेलो. तिसरी रेकॉर्ड. कव्हरवर त्या चौघांचा फोटो, मागे शाळेचा फळा, फळ्यावर कोणाचं तरी अर्धं पुसलेलं गणित. दातवाल्याने सुई ठेवली. पाचवा क्वार्टेट सुरू झाला. मी डोळे मिटले, मग उघडले. सगळा वेळ डोक्यात एकच: हे तिला कसं सांगायचं? धाकटी बहीण आधी येते ते कशासारखं? घाई झालेल्या माणसाने दोन-दोन पायऱ्या उतराव्यात तसं? नाही, भांडून निघाल्यासारखं. चेलो मध्येच अडवतो, ते दार धरल्यासारखं. शब्द जुळवता जुळवता पाचवा संपला. सहावा सुरू झाला. तो कधी संपला ते मला कळलंच नाही. सुई आतल्या कडेला खरखरत होती आणि दातवाला डोळे पुसत होता.

घरी आलो. तिने यंत्र लावलेलं नव्हतं, डोकं दुखत होतं. दिव्याखाली तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. पायऱ्या, भांडण, दार, फळ्यावरचं गणित. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एकदा हसली, एकदा म्हणाली, "हळू. ते चेलोचं परत सांग." मी परत सांगितलं, तर पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.

"आणि शेवटी काय होतं?" तिने विचारलं.

काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं, तिला काय कळणार आहे. पण ती इतक्या जवळून बघत होती.

"शेवटाकडे माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "तुला कसं सांगायचं ते जुळवत बसलो होतो."

तिने ते ओठांवरून पुरतं वाचलं. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "मग उद्या परत जा. नीट ऐकून ये."